पाट्या चार, आचारी एक

माझ्या संगणकावर पाच ब्राउझर आहेत, ही गोष्ट मी चारचौघांत जरा जास्तच अभिमानाने सांगत असे. क्रोम कामासाठी, एज तो संगणकाबरोबर आलाच होता म्हणून, ऑपेरा एका मित्राने ‘हलका आहे रे’ असं सांगितलं म्हणून, ब्रेव्ह जाहिराती नकोत म्हणून आणि फायरफॉक्स तत्त्व म्हणून. तत्त्वांचं घरात जे होतं तेच फायरफॉक्सचं झालं होतं. वर्षाकाठी एकदा उघडायचा, मग तो स्वतःला अद्ययावत करत बसायचा आणि तोवर मी चहा पिऊन क्रोमवर परतलेला असायचो. पण एकंदरीत आपल्या टेबलावर लोकशाही नांदते आहे, असं समाधान होतं.

दिवाळीत भाचा आला होता. हिंजवडीत असतो. म्हणजे राहतो वाकडला, असतो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. चकली खाताखाता त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मामा, पाच कुठे? दोनच आहेत.”

“मोज की. पाच चित्रं दिसताहेत ना?”

“चित्रं पाच आहेत. पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह या चौघांच्या आत एकच इंजिन आहे. ब्लिंक. गूगलचं. तू आयकॉन बदलतोस, ब्राउझर नाही.”

मला एकदम माझी खाणावळ आठवली. कॉलेजात असताना एका खाणावळीच्या आमटीला वैतागून मी बाणेदारपणे ती सोडली आणि दोन गल्ल्या पलीकडची दुसरी लावली. ‘बघा, हिला म्हणतात आमटी!’ असं तीन महिने मित्रांना सांगत होतो. मग एकदा सकाळी लवकर उठण्याची आपत्ती कोसळली, तेव्हा दिसलं की दोन्हीकडची आमटी एकाच काकूंच्या घरातून, एकाच सायकलवरून, एकाच पिंपात निघते. पिंप आधी नव्या खाणावळीत थांबे, मग जुन्या. चवीतला फरक म्हणजे एवढाच, की जुन्या ठिकाणी ती दहा मिनिटं जास्त गार होऊन पोहोचत असे.

इंजिन म्हणजे काय, हे भाच्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं. खाणावळीत दिवस काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. संकेतस्थळ आपल्याकडे वाढलेलं ताट पाठवत नाही, पाककृती पाठवतं. मजकूर हा, मथळा मोठा, पार्श्वभूमी पोपटी, बटण उजवीकडे, बटण दाबलं की अमुक करा. ही पाककृती वाचून आपल्या घरात ताट मांडतो तो आचारी म्हणजे इंजिन. ब्राउझर म्हणजे दाराबाहेरची पाटी, टेबलक्लॉथ आणि गल्ल्यावरचे मालक.

आता पाककृतींची गंमत आपल्याला ठाऊक आहे. ‘मीठ चवीप्रमाणे, पाणी अंदाजाने.’ ज्याने लिहिली त्याला अंदाज असतो. जो रांधतो त्याचा अंदाज वेगळा असतो. वेबच्या पाककृतींचे नियम लिहायला टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था काढली आणि तिने भलीमोठी पुस्तकं लिहिली. तरी चवीप्रमाणे ते चवीप्रमाणेच राहिलं. त्यामुळे ज्याच्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त माणसं जेवतात, त्याचा अंदाज हाच पुढे नियम ठरतो. पाककृती लिहिणारे पुस्तक बघत नाहीत, त्या आचाऱ्याचा हात बघून लिहितात. बाकीच्या आचाऱ्यांनी मग पुस्तकाबरहुकूम रांधलं, तरी लोक म्हणतात, “यांना जमत नाही.”

या आचाऱ्यांची नावं मोठी नामी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होता ‘ट्रायडेंट’, म्हणजे त्रिशूळ. शंकराच्या हातात शोभावं असं नाव आणि काम तिसऱ्या डोळ्याचं. ज्या पानाकडे बघेल ते पान भस्म. ऑपेराचा होता ‘प्रेस्टो’, म्हणजे छू मंतर. २०१३ मध्ये ऑपेराने खरोखरच त्याला छू मंतर केलं आणि गूगलची आमटी लावली. फायरफॉक्सचा ‘गेको’, म्हणजे चक्क पाल. आणि गूगलचा ‘ब्लिंक’, पापणी लवणे. या नावात एक खट्याळपणा आहे. नेटस्केपच्या काळात अक्षरं उघडमीट करायला लावणारी ‘ब्लिंक’ नावाची एक आज्ञा होती, लोकांना शिसारी आणणारी. ब्लिंक इंजिनाला सगळं येतं, फक्त ती ब्लिंकची आज्ञा येत नाही. तिची धाकटी बहीण ‘मार्की’, म्हणजे अक्षरं सरकवणारी आज्ञा, मायक्रोसॉफ्टने आणली. नियमांच्या पुस्तकाने तिला कधीच बाद केलं आहे, पण कुठलाही आचारी तिला घराबाहेर काढायला धजत नाही. आपल्याकडच्या सरकारी पानांवर अर्ज भरण्याची अंतिम तारीख अजून तिच्याच खांद्यावर बसून उजवीकडून येते, डावीकडे जाते, आणि आपण माउस घेऊन तिच्यामागे मांजरासारखे धावतो.

हे आज सुरू झालेलं नाही. १९९४ च्या डिसेंबरात नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि पुढच्या ऑगस्टात, अजून एक पैसा नफा न मिळवलेल्या त्या कंपनीचा २८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५८ च्या पुढे बंद झाला. हे पाहून बिल गेट्स यांना इंटरनेट आठवलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना ते तीन महिने आधीच, मे महिन्यात आठवलं होतं आणि तसं लांबलचक टिपणही त्यांनी आपल्या लोकांना पाठवलं होतं. मात्र स्वतः ब्राउझर लिहीत बसायला वेळ कोणाला? मायक्रोसॉफ्टने स्पायग्लास नावाच्या छोट्या कंपनीकडून ‘मोझेक’ या ब्राउझरचा परवाना घेतला. करार असा, की ठरावीक रक्कम मिळेल, शिवाय विक्रीत हिस्सा. मग मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर फुकट वाटून टाकला. विक्रीच नाही, तर हिस्सा कशाचा? अशा करारावर सही करण्यापूर्वी स्पायग्लासने आपल्याकडच्या एखाद्या वाटेकऱ्याचा सल्ला घ्यायला हवा होता. अखेर १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या रात्री, इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती निघाल्याची पार्टी आटोपून मायक्रोसॉफ्टची पोरं निळ्या ‘ई’चं एक अवाढव्य चिन्ह नेटस्केपच्या हिरवळीवर ठेवून आली. सकाळी नेटस्केपवाल्यांनी ते आडवं पाडलं आणि वर आपला डायनासोर उभा केला, गळ्यात पाटी अडकवून : नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. आपल्या गणेश मंडळांत स्पीकरवरून जी चुरस असते तीच. फरक इतकाच, की पुढच्या चारपाच वर्षांत पाटीवरचे आकडे नुसते उलटे झाले नाहीत, तर डायनासोरांचं जे व्हायचं तेच झालं.

मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. कंपनीचं म्हणणं, एक्सप्लोरर हा विंडोजचा अवयव आहे. काढला तर रोगी दगावेल. न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी आधीच्या एका सुनावणीच्या वेळी तो आपल्या कार्यालयातल्या संगणकावरून काढून पाहिला होता. दीड मिनिटही लागलं नाही. रोगी उठून चालू लागला. मग सरकारच्या बाजूच्या एका प्राध्यापकांनी तो काढणारा प्रोग्रॅमच लिहिला. त्यावर, तो चालवला की संगणक कसा मंदावतो याची चित्रफीत मायक्रोसॉफ्टने कोर्टात दाखवली. आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवरची अक्षरं मध्येच बदलताना सरकारी वकिलांना दिसली. चित्रीकरण एका दमात, एका संगणकावर झालेलं नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत नवरीची साडी सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला बदलावी, तसं ते झालं. स्वतः गेट्स यांची जबानी कॅमेऱ्यापुढे झाली आणि तीत ते साध्यासाध्या शब्दांचे अर्थ विचारत राहिले. मला त्यात आमचे सोसायटीचे सचिव दिसतात. ‘खर्च’ म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?

कंपनीचे दोन तुकडे करा, असा आदेश २००० मध्ये निघाला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टात तो रद्द झाला आणि तडजोडीवर मिटलं. तोवर नेटस्केप एओएल कंपनीच्या घरी दिलं गेलं होतं. २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि वेबवरच्या शंभरातले नव्वदहून जास्त लोक एकाच पंगतीला बसले. आता कोणाशी स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टने काय केलं? झोप काढली. सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मध्यंतरी पाककृती लिहिणाऱ्यांची एक पिढी त्रिशूळाच्या लहरी सांभाळत अकाली पांढरी झाली.

मराठी वाचणाऱ्यांना ही पाच वर्षं नीट आठवत असतील. तेव्हा वर्तमानपत्र उघडायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या, मग एक्सप्लोररमध्येच उघडा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये अग्रलेख उघडला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा असा काही काला दिसे, की संपादकांनी फार रागात लिहिलंय असं वाटावं. युनिकोड आलं तरी प्रत्येक आचाऱ्याला देवनागरी रांधता येत होती असं नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढून उठून मागे जाऊन बसे. जोडाक्षरांची फारकत होई आणि मध्ये टिंबांचं एक वर्तुळ पंचासारखं उभं राही. आणि आपला तो झोपाळू ‘र’, जो हिंदीला लागत नाही! तो ज्याला जमला नाही, त्या इंजिनाने ‘आचाऱ्यांना बोलवा’ याचं सरळ ‘आचार्यांना बोलवा’ केलं. लग्नाच्या याद्यांमध्ये पंगतीच्या खर्चाशेजारी आचार्यांची बिदागी आली. हल्ली ही अडचण सहसा येत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स हे एरवीचे वैरी, पण अक्षरं जुळवायचं काम दोघेही हार्फबझ नावाच्या एकाच खुल्या प्रकल्पाकडून करून घेतात. भांडण चुलीवरून आहे, पाटा-वरवंटा सामाईक आहे.

नेटस्केपने मरण्यापूर्वी एक शहाणपण केलं. ३१ मार्च १९९८ रोजी आपला आतला कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून मोझिला जन्माला आलं. मोझिलाच्या पोराचं, म्हणजे ब्राउझरचं, बारसं तीनदा झालं. आधी ‘फिनिक्स’, राखेतून उठलेला. पण ते नाव दुसऱ्या एका कंपनीचं निघालं. मग ‘फायरबर्ड’; तेही कोणाचं तरी होतं. अखेर ‘फायरफॉक्स’. सगळे त्याला कोल्हा समजतात, पण तो एक लाल पांडा आहे, हिमालयात राहणारा. पोटात पाल, नाव कोल्ह्याचं, जात पांडाची. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आणि हजारो चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. वर्गणीतून ब्राउझरची जाहिरात! असे दिवस होते.

आणि मग गूगल आलं. त्यांचे तेव्हाचे मुख्याधिकारी एरिक श्मिट यांना ब्राउझरच्या लढाईत पडायचं नव्हतं. नेटस्केपचं मढं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आलाच, सोबत एक चित्रकथा घेऊन. खरं सांगायचं तर तो उत्तम होता. भराभर चालायचा, आणि एक पान कोसळलं तरी बाकीची उभी राहत. मक्तेदारीबद्दल लिहिताना ही अडचण फार येते : मक्तेदार होणारा माणूस सुरुवातीला खरोखर चांगली आमटी करत असतो.

आमटी मात्र त्याची मुळातली नव्हती. केडीई नावाच्या खुल्या प्रकल्पातल्या मंडळींनी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं. ॲपलने २००३ मध्ये ते सफारीसाठी उचललं. त्याचं झालं वेबकिट. गूगलने क्रोमसाठी तेच घेतलं. पाच वर्षं दोन जावा एका चुलीवर रांधत होत्या, हेच आश्चर्य. एप्रिल २०१३ मध्ये वाटणी झाली. वेगळं निघाल्याबरोबर गूगलने माळा साफ करायला काढला : आता सात हजारांवर फाइली आणि ४५ लाख ओळी फेकून देता येतील, असं जाहीर केलं. ४५ लाख ओळींची अडगळ! आमच्या माळ्यावरच्या पितळी बंबाला मी त्या दिवसापासून नावं ठेवणं सोडलं.

सगळ्यांत हृद्य प्रसंग पुढेच आहे. ज्याच्या हातून लढाई सुरू झाली, त्या मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन बंद करून क्रोमचा पाया असलेलं क्रोमियम घेत असल्याचं सांगितलं. २०२० पासून एजच्या पोटात गूगलचं इंजिन आहे. तरीही एज उघडून क्रोम उतरवायला गेलं की वर एक पट्टी येऊन गळ घालते : अहो, आम्हीही त्याच तंत्रावर चालतो, शिवाय आमच्या विश्वासाची जोड आहे. दाराशी उभं राहून ‘आमटी तीच आहे हो, पण आमच्याकडे बसायला पाट आहे’ असं सांगणारा मालक पाहिला की पोटात कालवतं. जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर निवृत्त झाला तेव्हा दक्षिण कोरियात एका अभियंत्याने त्याचं थडगं बांधलं आणि वर कोरलं, की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे साधन चांगलं होतं. मृत्युलेख असावा तर असा.

“पण आयफोन आहे ना,” मी भाच्याला म्हणालो. “तिथे तरी—”

“तिथे उलटं आहे, मामा. तिथे क्रोमच्या पोटातही सफारीचं वेबकिट. फायरफॉक्सच्या पोटातही तेच. ॲपलचा नियमच आहे, आमच्या वाड्यात आमचाच आचारी.”

युरोपने कायदा केल्यावर मार्च २०२४ पासून ॲपलने युरोपात दुसऱ्या इंजिनांना परवानगी दिली आहे, पण अटी अशा, की एकाही बड्या ब्राउझरला आपली चूल तिकडे न्यावीशी वाटली नाही. युरोपचा हा छंद जुना. २०१० मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये ब्राउझरची मतपत्रिका दाखवायला लावली होती, उमेदवारांचा क्रम दर वेळी पिसून. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला पाच पत्ते पिसता आले नाहीत. एक्सप्लोररमध्ये ते पान उघडलं, तर निम्म्या वेळा एक्सप्लोररच पहिल्या पाचांत शेवटी जाऊन बसत होता. स्वतःच्या विरुद्ध पत्ते लावणारा जुगारी मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे चौदा महिने ती मतपत्रिका काही संगणकांवर दाखवायचीच राहून गेली, आणि २०१३ मध्ये त्या विसरभोळेपणाची किंमत पडली ५६.१ कोटी युरो.

आता माझ्या तत्त्वाचं, म्हणजे फायरफॉक्सचं. जगात साधारण तिघांतले दोघे क्रोमवर आणि शंभरातले दोन-अडीच फायरफॉक्सवर. क्रोमचा हा एक खरा प्रतिस्पर्धी, म्हणून माझा ऊर भरून आला होता. भाच्याने चकलीचा शेवटचा वेढा तोडला आणि विचारलं, “त्यांचा पगार कोण देतं माहितेय?”

गूगल देतं. पत्ता लिहायच्या पट्टीत शोध गूगलवरच जावा, यासाठी गूगल मोझिलाला पैसे मोजतं. मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी कोर्टात साक्ष दिली, की फायरफॉक्सच्या मिळकतीतला सुमारे ८५ टक्के वाटा त्या कराराचा आहे. ॲपललाही त्याच कारणासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले.

कोल्हापूरकर मंडळींनी हे नीट समजून घ्यावं. खासबागेत कुस्ती आहे. एक पैलवान दीडशे किलोचा. समोरचा बिचारा फुंकरीने उडेल असा. आणि या दुसऱ्याचं दूध, बदाम, तूप, सगळा खुराक पहिल्याच्या घरून येतो. का? तर समोर कोणीतरी उभं राहायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, कुस्ती कसली, हा तर एकटाच मैदानात फिरतोय, आणि मग सरकार येईल. (गूगल म्हणेल, छे, आम्ही शोधाचे ग्राहक विकत घेतो. तेही खरंच आहे. पण बदाम ते बदाम.)

सरकार आलंच. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी, शोधाच्या धंद्यात गूगल बेकायदा मक्तेदार आहे, असा निकाल दिला. सरकारने मागणी केली, क्रोम विकायला लावा. विकत घ्यायला अरविंद श्रीनिवास यांची पर्प्लेक्सिटी ३४.५ अब्ज डॉलरची बोली घेऊन हजर. इथे जरा थांबून पाहा. क्रोम वाढवून पुढे गूगलच्या गादीवर बसलेले सुंदर पिचाई मदुराईत जन्मलेले, बोली लावणारे चेन्नईचे, न्यायाधीशांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. अमेरिकेतला एवढा मोठा खटला, आणि मराठी माणूस कुठे? प्रेक्षकांत. ‘मी असतो तर असा निकाल दिला असता’ म्हणत.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी उपाय सांगितले : क्रोम गूगलकडेच राहील, ‘फक्त आमचंच’ असे करार करता येणार नाहीत, पण पैसे देणं चालू ठेवता येईल. पैसे थांबवले तर घेणाऱ्यांचंच फार नुकसान होईल, असाही त्यात एक विचार होता. म्हणजे खुराक बंद केला तर बारका पैलवान जागीच बसेल, सबब कुस्ती न्याय्य राहावी म्हणून खुराक चालू ठेवावा. मी हे वाक्य तीनदा वाचलं. चूक सापडली नाही, आणि त्यामुळेच झोप लागली नाही.

“पण मामा, तुझं बिघडतंय काय?” भाचा म्हणाला. तो वकिली करतोय हे कळत होतं, तरी प्रश्न रास्त होता. सगळं फुकट आहे, चालतंय. बिघडतं ते असं : जाहिराती अडवणारं एक फार चांगलं साधन क्रोममध्ये मी जोडलं होतं, यूब्लॉक ओरिजिन. २०२४-२५ मध्ये क्रोमने अशा जोडण्यांची जुनी पद्धत बंद केली. कारण सुरक्षिततेचं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण साधन गेलं. त्याची पातळ केलेली धाकटी आवृत्ती राहिली. आता ज्याचं पोट जाहिरातींवर, त्यानेच ठरवायचं की जाहिराती अडवणाऱ्याच्या हातात काठी किती जाड असावी. कुंपणाने शेत खाल्लं असं मी म्हणणार नाही. कुंपण हळूहळू आत सरकतंय, एवढंच.

“मग आपला स्वदेशी ब्राउझर?” मी शेवटचा पत्ता टाकला. भारत सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी स्पर्धा ठेवली होती. मार्च २०२५ मध्ये झोहोचा ‘उला’ पहिला आला आणि एक कोटीचं बक्षीस मिळालं. भाचा हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. उलाच्या आतही क्रोमियमच आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिथे मायक्रोसॉफ्टला स्वतःची चूल परवडली नाही, तिथे एक कोटीत नवं इंजिन होत नसतं. ब्राउझर म्हणजे आता काही कोटी ओळींचा डोंगर आहे. तरी काही वेडे लोक तो कोऱ्या कागदापासून लिहीत आहेत, ‘लेडीबर्ड’ या नावाने, कोणत्याही जुन्या ब्राउझरचा कोड न घेता. माझ्या बहिणीची सायकल त्याच नावाची होती. ती चढावर उतरून ढकलावी लागे, पण कुठे पोहोचली नाही असं झालं नाही.

भाचा गेल्यावर मी फायरफॉक्स उघडला. यावेळी चहाला उठलो नाही. अद्ययावत होऊ दिला, आणि एका कार्यालयाच्या पोर्टलवर, एका दाखल्यासाठी, अर्ज भरायला बसलो. पानावर लाल अक्षरं उमटली : ‘आपला ब्राउझर चालणार नाही. कृपया क्रोम वापरा.’

मी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. “पालीला आत घेत नाहीयेत रे.”

“त्यांनी पाल पाहिलीच नाहीये, मामा. फक्त नाव विचारलं.”

आणि मग त्याने जे सांगितलं त्याने माझं उरलंसुरलं बालपण संपलं. प्रत्येक ब्राउझर दारात आपलं नाव सांगतो. पूर्वी चांगली पानं फक्त ‘मोझिला’ म्हणणाऱ्याला, म्हणजे नेटस्केपला मिळत. म्हणून एक्सप्लोररने आल्याआल्या सांगितलं, मी मोझिला. पुढे गेकोला मान मिळू लागला, तेव्हा केएचटीएमएल म्हणाला, मी गेकोसारखा. सफारीने ते सगळं उचललं. क्रोमने सफारीचं उचलून पुढे स्वतःचं नाव जोडलं. आजचा एज दारात उभा राहून म्हणतो : मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी, आणि अगदी शेवटी, तेही अर्धं, ‘एज’. आमच्या चौकात भावी नगरसेवकांचा फ्लेक्स लागतो. वर राष्ट्रीय नेते, खाली राज्याचे, मग जिल्ह्याचे, दोन दिवंगत, एक तुरुंगातले, आणि कोपऱ्यात हात जोडून स्वतः. तोच फ्लेक्स.

“आपणही बदलू फ्लेक्स,” भाचा म्हणाला. त्याने सांगितलेल्या चार खिडक्या उघडल्या, एक ओळ चिकटवली. माझ्या फायरफॉक्सने क्रोमचा वेश घेतला. पान पुन्हा उघडलं. लाल अक्षरं गेली, हिरवं ‘स्वागत आहे’ आलं. अर्ज भरला, फोटो चढला, झोपाळू ‘र’सुद्धा जागच्या जागी झोपला होता. काहीही अडलं नाही.

“पावती आली का?”

“आली.”

“नीट वाच. नाव बरोबर आहे ना?”

नाव बरोबर होतं. मी पान खाली सरकवत गेलो. अगदी तळाशी, राखाडी बारीक अक्षरांत एक ओळ होती : हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये उत्तम दिसते.